शेवटचा दगड कुणाला लागतो?

(हिंगोली येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकायला हलका आहे. चित्रपटांचे लक्षात राहिलेले शेवट आणि ते का राहिले. चहाच्या टपरीवर बोलावं तसा विषय. पण आम्ही काही जण गेली काही वर्षं कधी शाळेच्या वर्गात, कधी कुणाच्या गच्चीवर पडदा बांधून चित्रपट दाखवतो, आणि नंतर अर्धा तास त्यावर बोलतो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लोक मधल्या भागावर कौतुक करतात, गाण्यांवर माना डोलावतात. भांडतात मात्र शेवटावर. तो असाच का केला, तसा का नाही केला, ती जगली असती तर काय बिघडलं असतं. आता माणसं उगाच भांडत नाहीत. भांडण आहे म्हणजे आत काहीतरी अडकलेलं आहे. ते काय आहे, एवढंच आज बघायचं.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. आज आम्ही बरेच शेवट उघड करणार आहोत. ज्यांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांनी रागावू नये. कारण आमचं म्हणणंच असं आहे, की नुसता सांगितल्यानं जो बिघडतो, तो शेवट फार मोलाचा नव्हता.

एक छोटी परीक्षा घेऊ. 'शोले'चा शेवट सांगा. बघा, समोरून लगेच आवाज आला, "जय मरतो." बरोबर आहे, पण तो शेवट नाही. जय मेल्यावर वीरू गब्बरच्या अड्ड्यावर जातो, मग ठाकूर येतो, खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवतो, आणि तेवढ्यात पोलीस पोचतात. मग वीरू आगगाडीत बसतो, तिथं बसंती असते. हा झाला शेवट. 1975 सालचा चित्रपट, आणीबाणीचे दिवस. ठाकूर गब्बरला ठार मारतो असा मूळ शेवट होता. सेन्सॉरला तो चालला नाही, म्हणून पोलीस आणावे लागले. आपण पन्नास वर्षं पाहिला तो हा बदललेला शेवट.

आता गंमत बघा. हा शेवट बदलला तरी 'शोले'चं फारसं काही अडलं नाही. का? कारण आपल्या मनातला त्याचा शेवट आधीच होऊन गेला होता. जय गेल्यावर वीरूच्या हातात ते नाणं येतं आणि त्याला कळतं, की दोन्ही बाजू सारख्याच होत्या. चित्रपटभर जय नाणं उडवत होता, आणि आपण त्याला नशिबाचा खेळ समजत होतो. तो खेळ नव्हताच. प्रत्येक वेळी तो स्वतः ठरवत होता, मरायला मागं थांबायचं हेसुद्धा. म्हणजे शेवट हा शेवटच्या रिळातच असतो असं नाही. आधीचं सगळं जिथं उलटं फिरून नव्यानं दिसायला लागतं, ती जागा शेवटाची. ही पहिली खूण धरून ठेवा. पुढं लागणार आहे.

आता जरा घरच्या गोष्टीकडं येऊ. शेवटाबद्दल आपल्याकडं फार जुनी समज आहे. श्रावणात आजी कहाणी सांगायची, ती 'सुफळ संपूर्ण' झाल्याशिवाय संपायची नाही. 'सुफळ' आधी आणि 'संपूर्ण' नंतर, हा क्रम बघा. गोष्ट पुरी झाली एवढं पुरेसं नाही, तिचं फळ ऐकणाऱ्याच्या ओंजळीत पडलं पाहिजे. सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि काला वाटला जातो. रिकाम्या हातानं कुणी घरी जात नाही. आपला जिल्हा तर नामदेवांच्या नर्सीचा. कीर्तन कसं संपवायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि कीर्तनात शेवट काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुकाराम महाराज वैकुंठाला जाणार, हे काय गुपित आहे? तरी माणूस बसतो, ऐकतो, डोळे पुसतो. म्हणून प्रभातच्या 'संत तुकाराम'पासून सुरुवात करू. 1936 सालचा चित्रपट, दामले आणि फत्तेलाल यांचा. विष्णुपंत पागनीस तुकाराम आणि गौरी नावाच्या नटीनं केलेली जिजाई. मुंबईत तो वर्षाहून जास्त काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. शेवट माहीत असलेल्या चित्रपटाला लोक वर्षभर का गेले असतील?

आमचं उत्तर आहे, जिजाईसाठी. विमान येतं, तुकोबा निघतात, आणि बायकोलाही चल म्हणतात. ती जात नाही. घरात पोरं आहेत, त्यांचं कोण बघणार? वैकुंठाचं बोलावणं आलेलं असताना ही बाई चूल सोडत नाही. विमान वर जातं आणि ती खाली राहते. चमत्कार दाखवायला चित्रपटाकडं तांत्रिक करामत होती, आणि त्या काळात ती नवलाचीच होती. पण विमान आकाशात गेल्यावर आपला जीव जमिनीवर अडकतो. तुकोबांची गोष्ट संपली, जिजाईची सुरू झाली. उद्या सकाळी ती एकटी उठणार आहे, आणि मोठी झालेली पोरं विचारणार आहेत. त्या घराची काळजी चित्रपट आपल्यावर सोपवून जातो.

लक्षात राहणारा शेवट गोष्टीचा हिशेब मिटवत नाही. तो वहीतलं पान उलटतो आणि राहिलेली बाकी आपल्या नावावर लिहितो. आज आम्ही जे सांगणार आहोत ते सगळं या एका वाक्यात आहे. बाकीची उदाहरणं म्हणजे त्याची तपासणी.

पहिलं उदाहरण शेतकऱ्याचं. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन', 1953. बलराज साहनींनी केलेला शंभू कर्जापायी कलकत्त्यात जाऊन रिक्षा ओढतो, कारण गावाकडचा तुकडा वाचवायचा आहे. परत येतो तेव्हा जमीन गेलेली असते, तिथं कारखाना उभा राहत असतो. शंभू कुंपणापाशी येतो आणि स्वतःच्याच रानातली मूठभर माती उचलतो. राखणदार हटकतो, चोर समजतो. शंभूला मूठ उघडून माती खाली टाकावी लागते. मग नवरा, बायको आणि पोरगा, तिघं चालू लागतात.

इसापूर, येलदरी, सिद्धेश्वर, या धरणांखाली ज्यांची रानं गेली त्यांची घरं या जिल्ह्यात आणि आसपास आहेत. त्यांना हा शेवट समजावून सांगावा लागत नाही. तरीपण तो कसा बांधला आहे ते बघण्यासारखं आहे. शंभू ओरडत नाही, शाप देत नाही. जमीन गेली हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, त्यात नवी बातमी नाही. नवी आहे ती मूठ. दोन बिघ्यांची लढाई उतरत उतरत मुठीएवढी झाली, आणि तीही हरली. मोठं दुःख दाखवायला दिग्दर्शकानं सगळ्यात लहान वस्तू निवडली. भाषण दिलं असतं तर आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो. मुठीला टाळी कशी वाजवणार?

दुसरं उदाहरण दगडाचं. इथं जरा थांबून बोलू.

श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' 1974 मध्ये आला. शबाना आझमी आणि अनंत नाग यांचा हा सुरुवातीचा चित्रपट. गोष्ट हैदराबादकडच्या खेड्यातली, भाषा दखनी वळणाची. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपणही त्याच निजामाच्या राज्यात होतो, म्हणून ती गढी, तो जमीनदार, 'सरकार' म्हणून वाकणारी माणसं आपल्या आजोबांच्या बोलण्यातली आहेत. जमीनदाराचा शिकलेला पोरगा सूर्या लक्ष्मी नावाच्या मोलकरणीला जवळ करतो, तिला दिवस जातात, आणि मग तो हात झटकतो. तिचा मुका-बहिरा नवरा किष्टय्या परत येतो. बायकोला मूल होणार म्हणून तो खुशीत असतो, काम मागायला वाड्याकडं निघतो. सूर्याला वाटतं हा सूड घ्यायला आला. त्या भीतीपोटी तो त्याला बेदम मारतो. लक्ष्मी धावत येते आणि सूर्याला तोंडावर शिव्याशाप देते. सगळे पांगल्यावर एक लहान पोरगा वाड्याच्या खिडकीवर दगड फेकतो. काच फुटते आणि पडदा लाल होतो. संपलं.

आता चाळीस वर्षं पुढं या. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. महोत्सवात 2013 ला दिसला, आपल्याकडं चित्रपटगृहात 2014 च्या फेब्रुवारीत. कैकाडी घरातला जब्या. वर्गातली शालू त्याला आवडते, आणि बापाबरोबर डुकरं धरायला जाताना तिनं आपल्याला पाहू नये एवढीच त्याची धडपड असते. गावाच्या जत्रेत डुकरं नकोत म्हणून कचरूला ती धरायला सांगितलेली असतात. शाळेच्या बाजूलाच ही धरपकड होते, आणि गाव बघायला जमतं. मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर मात्र चालू लागतं. बघणाऱ्याला हसू येतं आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटते. पुढं ते डुक्कर काठीला बांधून नेताना शाळेची भिंत लागते. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई, जोतिबा यांची चित्रं. चित्रं आहेत तिथंच राहतात, आणि खालून कचरूचं घरदार डुक्कर घेऊन जातं. पोरं मागं लागतात, चिडवतात. शेवटी जब्या दगड उचलतो. एक, दोन, आणि मग एक दगड सरळ आपल्याकडं. पडद्यावर अंधार.

दोन्हीकडं पोरगा आहे, दोन्हीकडं दगड आहे. दोन्हीकडं मोठ्या माणसांनी सोसलं, आणि हात उचलला तो लहानानं. पण निशाण बदललं. 'अंकुर'मधला दगड जमीनदाराच्या काचेवर जातो. आपण कुठं असतो? पोराच्या मागं. मनात म्हणतो, बरं झालं, फोड. आपला त्या वाड्याशी काही संबंध नाही असं आपल्याला वाटतं. चाळीस वर्षांनी तोच दगड फिरून आपल्या तोंडावर येतो. कारण 'फँड्री'त एकच एक जमीनदार नाही. बघायला जमलेलं, हसणारं गाव आहे. आणि थोड्या वेळापूर्वी त्यांच्यासोबत आपणही हसलो होतो. चित्रपटानं आपल्याला त्या बघ्यांत कधी उभं केलं ते कळलंच नाही. दगड आला तेव्हा कळलं.

'शोले'च्या नाण्यासारखंच हे आहे. सगळं उलटं फिरून नव्यानं दिसतं. फक्त इथं नाण्याच्या दुसऱ्या बाजूला आपला चेहरा निघतो.

औंढ्याची कथा तुम्हाला सांगायची म्हणजे आईला माहेर सांगण्यासारखं आहे. नामदेवांना नागनाथाच्या समोरून उठवलं, मागच्या बाजूला जायला सांगितलं. ते मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळ फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. ही कथा आपण श्रद्धेनं ऐकतो, पण तिच्यात एक मोठा विचार आहे. ज्याला मागं बसवलं, तोंड त्याच्याकडं वळलं पाहिजे. 'फँड्री'चा शेवट तेच वळण घेतो, उलट्या दिशेनं. तिथं मागं ढकललेला पोरगा स्वतः वळतो आणि पुढच्या रांगेत आरामात बसलेल्यांकडं बघतो.

तिसरं उदाहरण 'सैराट'चं. ते घेतल्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही. 2016 सालचा चित्रपट, पुन्हा मंजुळेंचाच. अजय-अतुलच्या गाण्यांवर माणसं चित्रपटगृहात खुर्च्यांसमोर नाचली. आणि तीच माणसं बाहेर पडताना गप्प होती.

शेवट आठवा. आर्ची आणि परश्या हैदराबादेत संसाराला लागलेत, मूल झालंय. आपल्या भागातून हैदराबादला कामाला गेलेली किती माणसं आहेत. त्या खोल्या, ते जिने आपल्या ओळखीचे आहेत. माहेरचे लोक येतात, भाऊ प्रिन्स येतो, आईनं दिलेल्या वस्तू घेऊन येतो. आर्ची चहा ठेवते. आपल्या घरात चहा ठेवणं म्हणजे काय, सांगायला नको. वैर असलेला माणूसही दारात आला तर आधी पाणी, मग चहा. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. ते परत येतं, आत जातं. आवाज बंद झालेला असतो. मूल रडतंय हे दिसतं, ऐकू येत नाही. मग ते बाहेर चालू लागतं आणि जमिनीवर रक्तानं भरलेल्या इवल्या पावलांचे ठसे उमटत जातात.

या शेवटावर आमच्याकडं सगळ्यात मोठा वाद झाला. एका बापानं उभं राहून सांगितलं, "पोरीला मुद्दाम दाखवला. म्हटलं, बघ, असं होतं." खोलीत बऱ्याच माना हलल्या. मागं बसलेली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "मग काका, तुम्ही कोण? चहा पिणारे का?" त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मंडळी, कळीचा प्रश्न इथं आहे. एकाच शेवटातून एकाला धमकी मिळते आणि दुसरीला आरोप दिसतो. मग चित्रपट नेमकं काय म्हणतो? बघणाऱ्यावर आहे, असं म्हणून आपण सुटू शकतो. पण समीक्षेचं काम सुटण्याचं नाही. चित्रपटात काय दाखवलंय आणि काय गाळलंय ते बघावं लागतं.

गाळलंय काय? खून. तो आपल्याला दिसत नाही. मारणाऱ्यांचा राग, त्यांचं समाधान, पुढं पोलीस, कोर्ट, काहीच दिसत नाही. धमकी द्यायची असती तर शिक्षा दाखवावी लागते. जुन्या काळी चौकात फटके मारत ते याच साठी. इथं शिक्षेचा तमाशा नाही. दाखवलंय काय? मारणाऱ्यांना दिलेला चहा. आणि मूल. कॅमेरा शेवटपर्यंत मुलाबरोबर राहतो. या मुलानं पळून जाऊन लग्न केलेलं नाही, कुणाची अब्रू घेतलेली नाही. पळून गेल्याचं हे फळ, असं म्हणणाऱ्यानं त्या पावलांकडं बघून तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं. जमत नाही. म्हणून आमचं मत त्या मुलीच्या बाजूचं आहे. 'सैराट'चा शेवट पोरींना घाबरवत नाही. तो बापांना, भावांना, मामांना विचारतो, की या लेकराचं आता काय करायचं? जिजाईच्या पोरांचं काय, हा 1936 चा प्रश्न फिरून तिथंच आला, फक्त आता सांभाळायला जिजाईही उरली नाही.

आणि आवाज का काढून घेतला? त्या जागी करुण संगीत असतं तर आपलं रडणं त्या संगीतानं वाटून घेतलं असतं. दुःखाचंही एक सुख असतं, ते मिळालं असतं. ज्या चित्रपटानं दोन तास आपल्याला गाण्यांवर उचलून धरलं, त्यानं शेवटी ते काढून घेतलं. म्हणजे ती गाणीसुद्धा पेरणीच होती. झिंगाट नाचलो नसतो तर ही शांतता एवढी खोल गेली नसती.

हिंदीत याचा 'धडक' झाला, 2018 मध्ये. तिथं शेवट फिरवला. नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी जिवंत राहते. वाईट कमी आहे असं नाही, मेलेल्यांची संख्याही तेवढीच. पण तिथं आपण त्या मुलीच्या धक्क्याकडं बघत राहतो. धक्का बसला, रडू आलं, झालं. मागं सांभाळायला कुणी उरलं नाही, म्हणून आपल्या नावावर बाकी निघत नाही. एक मूल जिवंत ठेवणं हे त्याला मारण्यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारं असतं, हे या दोन शेवटांच्या तुलनेतून कळतं.

आता तुम्ही म्हणाल, दगड झाला, रक्त झालं. साध्या, शांत गोष्टीचं काय? चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. महोत्सवांत 2014 पासून, आपल्याकडं 2015 ला आला. नारायण कांबळे या शाहिरावर खटला चालतो. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं जीव दिला, असा आरोप. वीरा साथीदार यांनी हा शाहीर केला. खटला रेंगाळतो, तारखा पडतात. ज्यानं कोर्टाची पायरी चढली आहे त्याला ही चाल पाठ आहे. शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं जातात, दिवे एकेक करून बंद होतात, दालन काळोखात राहतं. वाटतं संपला. पण संपत नाही. न्यायाधीश सदावर्ते नातेवाइकांबरोबर सहलीला गेलेत. बागेत बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. पोरं जवळ येऊन एकदम ओरडतात. ते दचकून उठतात, एका पोराला चापट मारतात, आणि पुन्हा झोपतात.

शाहिराचं काय झालं? सांगितलेलं नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्यातले काही जण वैतागले, की हा काय शेवट झाला. मग बोलता बोलता उलगडलं. झोपलेल्याला आवाज देऊन उठवलं म्हणून पोराला मार पडला. शाहिरानं तरी वेगळं काय केलं होतं? निकाल तर लागलाय, फक्त तो कोर्टात न लागता बागेत लागला. आणि मारणारा माणूस राक्षस नाही. तो कुणाचा तरी चांगला काका आहे, दमलेला आहे, सुट्टीवर आहे. आपल्यासारखाच.

एक राहिलं. आमच्यावर नेहमी आरोप होतो, की तुम्हाला फक्त रडवणारे शेवट आवडतात. खरं नाही. संदीप सावंत यांचा 'श्वास' 2004 चा. 'श्यामची आई'नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा तो मराठी चित्रपट. कोकणातल्या परशाच्या डोळ्यांत कर्करोग निघतो; जगायचं तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रिया पुढं ढकलली जाते तेव्हा आजोबा नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात आणि शहर दाखवतात, डोळे आहेत तोवर जेवढं बघता येईल तेवढं. शेवटी काळा चष्मा घातलेला परशा होडीतून गावाकडं परत येतो. इथं दगड नाही, आरोप नाही. पण बाकी आहेच. पाणी आहे, झाडी आहे, किनारा जवळ येतोय, आणि ते सगळं आपण बघतोय, ज्याचं आहे तो बघत नाही. पुढचे दोन-चार दिवस आपण आपल्या डोळ्यांनी जे बघतो ते त्या पोराच्या वाटणीचंही बघतो. ही बाकी गोड आहे, पण फेडावी लागतेच.

तसाच जब्बार पटेल यांचा 'उंबरठा', 1982. स्मिता पाटील यांची सुलभा काम सोडून घरी परत येते. घर होतं तसं उरलेलं नसतं, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते. हरली म्हणावं तर ती हरलेली दिसत नाही, जिंकली म्हणावं तर हातात काही नाही. आमच्याकडं बायका या शेवटावर जेवढं बोलल्या तेवढं दुसऱ्या कुठल्याच बोलल्या नाहीत. "पुढं ती कुठं गेली असेल?" चाळीस वर्षं उलटून गेली तरी बायका हेच विचारतात, यातच त्या शेवटाचं सगळं आलं.

आता काय गोळा झालं ते बघू. एक, चांगला शेवट आधी पेरलेला असतो. नाणं, माती, चहा, गाणं, काहीतरी साधं आपल्यासमोर असतंच. दोन, तो काहीतरी राखून ठेवतो. खून, निकाल, रडण्याचा आवाज. तीन, राखून ठेवलेलं तो आपल्याकडं सरकवतो. नुसता धक्का देणारे शेवट पुष्कळ असतात. दुसऱ्यांदा बघताना धक्का बसत नाही, मग ते रिकामे होतात. जिजाईचं मागं राहणं दहाव्या वेळीही तेवढंच जड असतं.

जे हे व्याख्यान नंतर फोनवर वाचतील त्यांच्यासाठी एक विनंती. फोनवर किंवा टीव्हीवर चित्रपट संपला, की दुसरा आपोआप सुरू व्हायला बघतो. कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागतात. काला हातावर पडायच्या आत मंडपातून उठवल्यासारखं आहे ते. तेवढं बंद करा. नावं वर जाऊ द्या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मग घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आधी विचारा, "तुला काय वाटलं?" 'अंकुर'पासून 'सैराट'पर्यंत शेवट लहान पोरांच्याच हातात दिलेला आहे, तर बोलायची पहिली पाळीही त्यांना द्यायला हरकत नाही.

आमचं बोलणं इथं थांबवतो. निकाल आम्ही दिलेला नाही, तो तुमच्यात लागायचा आहे. अर्धा तास चर्चेला ठेवलाय. ध्वनिक्षेपक आधी मागच्या रांगेत न्या. पुढच्या रांगेनं आज जरा ऐकावं.